सरीनं चाललेली चौकट

टॅबच्या पडद्यावर वरून दिसणारा ऊस होता, उसाला लागलेली आग होती, आणि आगीच्या पुढं, उसाच्या पोटात, माझा नवरा होता. तो दिसत नव्हता. तो जिथं असावा तिथं एक पिवळी चौकट होती. ती चौकट आधी तुटक रेघांची झाली. मग पुसून गेली.

"सुटलं," नात म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी आबा कुठं हायत ते आता मशीनला कळत न्हाई."

"तुला कळतंय का?"

"मलाबी न्हाई, आज्जी."

तिनं खोटा धीर दिला नाही हे बरं केलं. खोटा धीर ऐकायला वेळ नव्हता. वारा फिरला होता. धूर सरळ आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे आगही आमच्याकडंच निघाली होती, आणि आग आणि आम्ही यांच्या मध्ये तो उभा ऊस होता. डोक्यापेक्षा उंच, वाळलेल्या पाल्यानं भरलेला. आत शिरलं तर हातभर पुढचा माणूस दिसत नाही. आत कुठं शिरायचं तेच माहीत नव्हतं.

ही चौकट काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी नात सांगलीला कॉम्प्युटरचं शिकते. शेवटचं वर्ष. दिवाळीला आली ती कॉलेजचा ड्रोन घेऊन. आमचं गाव कडेगाव आणि इस्लामपूर यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, जिकडं बघाल तिकडं ऊस. उसात रानडुकरं. ती बुंधे कुरतडतात, ऊस लोळवतात, आणि दिवसभर आतच बसतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत. नातीनं कॉलेजात विषयच तो घेतला होता: वरून व्हिडिओ काढायचा आणि उसातलं डुक्कर मशीनला ओळखायला शिकवायचं. नुसतं ओळखून भागत नाही. ते कुठून कुठं गेलं, त्याच्या मागं मागं जायला शिकवायचं.

मशीनला शिकवायचं म्हणजे आधी माणसानं व्हिडिओवर खुणा करून द्यायच्या. व्हिडिओचं एकेक चित्र थांबवायचं आणि डुक्कर असेल तिथं बोटानं चौकट ओढायची. अशी हजारो चित्रं. घरात रिकामा माणूस मी एकटीच. लेक फौजेत, लांब. सून इस्लामपूरला नोकरीला. मी चौथी शिकलेली, पण चौकट काढायला चौथीसुद्धा लागत नाही.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काय दिसतंय?"

"ऊस."

"उसात काय?"

"ऊसच."

"आज्जी, नीट बघ की."

"नीटच बघतीया. तुझं डुक्कर आलं तर हाक मार."

मग तिनं तो व्हिडिओ हळू करून दाखवला. वरून ऊस बघितला की तो एकसारखा कधीच थांबत नाही. वारा आला की सगळे शेंडे एका बाजूला झुकतात आणि परत उठतात. ढगाची सावली त्यावरून पळते. पाखरं उठतात. पाण्याचा पाट मध्येच चमकतो. हे सगळं हलत असतं आणि यातलं काहीच डुक्कर नसतं. डुक्कर खाली असतं. ते बुंध्याला धक्का देतं, तेव्हा त्या एका उसाचा शेंडा आपला आपला थरथरतो, शेजारच्याला न विचारता. मग पुढचा थरथरतो. मग त्याच्या पुढचा. वाऱ्याच्या हलण्यात ही एक वेगळी चीर चालत जाते. ती एकदा दिसली की परत दिसतच राहते.

मला ती दिसायला आठवडा गेला असेल. त्यानंतर मी रोज जेवण झाल्यावर टॅब घेऊन बसायची. चुका पुष्कळ केल्या. कुत्र्यावर चौकट काढली. शेळीवर काढली. एकदा एका चांगल्या मोठ्या डुकराच्या मागं मी बरीच चित्रं चौकटी ओढत गेले, आणि शेवटी ते बांधावर आलं तर माझा चुलतदीर निघाला. सकाळी डबा घेऊन उसात गेला होता.

नात हसून हसून लोळायची राहिली. "आज्जी, डुकराच्या हातात डबा नसतो गं."

"वरनं सारखंच दिसतंय," मी म्हणाले.

तिनं ते चुलतदिराला सांगितलं. तो पुढं महिनाभर मला हाक मारताना "वैनी, मी माणूस हाय बरं का" असं म्हणायचा.

मशीनही माझ्याइतकंच चुकायचं. वारा सुटला की पडदाभर चौकटी, आणि त्या आम्ही बोटानं पुसत बसायचो. पण ते शिकत गेलं. नातीनं मला समजावलं होतं की ते आधी अख्ख्या रानाचं हलणं बघतं, वाऱ्याची चाल ओळखतं, ती वजा करतं आणि जे उरेल त्यावर चौकट बसवतं. आणि त्याची एक गोष्ट मला फार आवडली. धरलेलं डुक्कर दाट पाल्याखाली गेलं, दिसेनासं झालं, तरी ते लगेच सोडून देत नाही. चौकट तुटक रेघांची होते आणि आधी ज्या चालीनं जनावर चाललं होतं त्या चालीनं पुढं सरकते. म्हणजे मशीन मनाशी धरून चालतं की आता ते इथं असेल, आता इथं. पुढं मोकळ्यात जनावर निघालं की चौकट परत पक्की. बऱ्याच वेळा तुटक चौकट जिथं पोचायची तिथंच डुक्कर बाहेर यायचं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा टॅब खाली ठेवला आणि नातीला म्हणाले, "हे तू केलंस?" ती म्हणाली, "थोडं मी, थोडं दुसऱ्यांनी." मी तिला गुळाचा खडा दिला. दुसरं काय देणार?

पण फार वेळ काही हललंच नाही तर मशीन सोडून देतं. थांबलेलं डुक्कर आणि उभं रान यात त्याला फरक नाही. हे ध्यानात ठेवा.

आता माझ्या नवऱ्याचं. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही तेच म्हणते. फौजेतून सुभेदार होऊन आले, पुढं बरीच वर्षं शेती केली, आणि दोन वर्षांपासून डोकं जायला लागलं. काही दिवस मी कोण ते माहीत असतं, काही दिवस मी लंगरातली, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातली, कुणीतरी असते. शरीर धड आहे. चालतात माझ्यापेक्षा चांगले. आठवण गेली तरी सवयी गेल्या नाहीत. दाढी रोज. अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून. आणि रानात पाय ठेवायचा तर चपला बांधावर काढून. ते आमच्यात सगळेच करतात, पिकात चप्पल घालून जात नाहीत. पण सुभेदार चपला काढायचे आणि दुसऱ्याच वाटेनं घरी यायचे, अनवाणी. मग मी रोज ओरडायची.

"आवं, चपला कुठं टाकल्या?"

"बांधावर हायत्या."

"कुठल्या बांधावर?"

"बांधावर हायत्या म्हटलं की."

मग मी निघायची बांध हुडकत. हे रोजचं.

ड्रोन त्यांना आवडायचा नाही. त्याचा आवाज आला की ते भिंतीला चिकटून बसायचे किंवा लिंबाच्या बुंध्याशी आडवे व्हायचे. नातीचा हात ओढून म्हणायचे, "खाली बस, पोरी. वर बघू नगंस. तोंड चमकतंय." विमान वरून जाताना वर बघायचं नाही, कारण खालच्या हिरव्यात माणसाचं तोंड तेवढं उजळ दिसतं, असं त्यांना कधीकाळी शिकवलं असणार. नात म्हणायची, "आबा, माझाच हाय तो." ते ऐकायचे नाहीत. ड्रोन जाईपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

त्या दिवशी चुलतदिराच्या उसाला तोड आली होती. आमचा ऊस आधीच गेला होता, त्यामुळं आमचं रान मोकळं आणि बांधापलीकडं त्याचा ऊस उभा. पाला फार वाळला होता, म्हणून त्यानं पेटवून तोडायचं ठरवलं. पाला जळून जातो, ऊस उभा राहतो, तोडायला सोपा. पुष्कळजण करतात. करू नये म्हणतात, तरी करतात.

आमच्या शिवारात पेटवायच्या आधी एक रीत आहे. रानाच्या तिन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात, डबे बडवतात, ओरडतात, "पेटवतोय रंऽऽ, भाइर याऽऽ." आत कुणी वैरण कापत असेल, कुणाचं ढोर शिरलं असेल, ते चौथ्या बाजूनं निघून जावं म्हणून. चौथी बाजू मोकळी ठेवतात. त्या दिवशी मोकळी बाजू आमची होती. रीत चांगली आहे. कितीतरी जीव तिच्यामुळं वाचले असतील.

नात ड्रोन घेऊन आमच्या बाजूला उभी होती, कारण डबे वाजले की डुकरं निघतील आणि तिला ती पळताना हवी होती. मी टॅबवर छत्री धरून उभी, उन्हानं पडदा दिसत नाही म्हणून. सुभेदारांना मी घरी खाटेवर बसवून आले होते. डबे वाजले. ओरडणं झालं. एकही डुक्कर निघालं नाही. चुलतदिरानं लांबच्या कडेला, रस्त्याकडून, पेटवलं. वारा तेव्हा आमच्याकडून तिकडं होता. वाऱ्याच्या उलट आग हळू चालते, म्हणून तसंच पेटवतात.

मी छत्री सावरायला वळले आणि बांधावर चपला दिसल्या.

सुभेदारांच्याच. टाचेला झिजलेल्या, अंगठा तारेनं बांधलेला, एकीशेजारी एक अगदी सरळ लावून ठेवलेल्या. तोंड उसाकडं.

मी नातीला म्हणाले, "तुझे आबा आत हायत."

तिनं चपलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि ड्रोन वळवला. मी चुलतदिराला हाका मारल्या. तो धावत आला, बाकीची माणसं आली, आणि जे कुणीही केलं असतं ते सगळ्यांनी केलं. बांधावर उभे राहून ओरडायला लागले. "सुभेदाऽऽर! ओ सुभेदाऽऽर! भाइर या!" कुणी परत डबे वाजवायला लागलं.

नातीच्या मशीननं तेवढ्यात धरलं. उसाच्या मधोमध पिवळी चौकट. "हायत, हायत," ती म्हणाली आणि नीट दिसावं म्हणून ड्रोन खाली घेतला. त्याच वेळी वारा पडला, आणि उठला तो दुसऱ्या बाजूनं. धूर आमच्यावर आला. चौकट तुटक झाली. मग पुसून गेली. इथूनच मी सुरुवात केली होती.

ती म्हणाली, "आज्जी, मी ड्रोन खाली घेतला तवाच ते थांबले. आगीनं न्हाई. मी खाली घेतला म्हणून."

"विमान समजले," मी म्हणाले.

"आन् हे वरडणारे?"

ते मला सांगायला लागलं नाही आणि तिला विचारायला लागलं नाही. तिन्ही बाजूंनी डबे, आरोळ्या, धूर, वर विमान. सुभेदारांच्या डोक्यात आम्ही सगळ्यांनी मिळून लढाई उभी केली होती. माणसं बाहेर यावीत म्हणून जे जे करतात, त्यानंच ते आत दडून बसले होते.

नात चुलतदिराला म्हणाली, "अण्णा, सगळ्यांना गप करा."

"आगं, माणूस मराय लागलाय आन् गप बसू व्हय?"

"गप बसलात तरच हलत्याल ते. हलले तर दिसत्याल."

"काय बोलतीया ही, वैनी?"

"तोंड मिट," मी त्याला म्हणाले. "आन् त्यांचीबी मिटव."

त्यानं मिटवली, हे त्याच्याबद्दल चांगलं सांगायला पाहिजे. बांधावर एवढी माणसं, आणि एकाच्या तोंडून शब्द नाही. फक्त पाला जळताना तडतडतो तो आवाज. नातीनं ड्रोन वर नेला, इतका वर की त्याची घरघर ऐकू येईना. पडद्यावर ऊस बारीक झाला, मग तिनं कॅमेरा जवळ ओढला.

आणि पडदाभर चौकटी आल्या. धूर हलतो. धूर वाऱ्यासारखा हलत नाही, डुकरासारखाही नाही, मशीनला तो कधी कुणी शिकवलाच नव्हता. जिकडं धुराचा लोट तिकडं चौकट. तिच्या पोटात चौकट. मी छत्री टाकून दिली आणि दोघी बोटांनी चौकटी पुसायला लागलो, हिवाळाभर पुसायचो तशा.

एक चौकट मला पटली. चांगली जोरात सरकत होती. "ही. हे बघ, हे."

"न्हाई आज्जी. ती आडवी चाललीया, सऱ्या ओलांडत. आबा ऊस तुडवून जायचे न्हाईत." तिनं ती पुसली. मला राग आला, पण ती पुसली तिथं मागून नुसता काळा लोट आला. मग तिनं खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. बारीक होती, जवळजवळ हलतच नव्हती. "ही सरीनं चाललीया."

सरी म्हणजे उसाच्या दोन ओळींमधली पाण्याची वाट. त्या रानात सऱ्या बांधाला समांतर होत्या. ती चौकट सरळ एका रेषेत थोडी जायची, थांबायची, परत थोडी जायची. डुक्कर सरी पाळत नाही. धूर पाळत नाही. वारा तर नाहीच. जन्मभर उसाला पाणी पाजलेला माणूस, त्याला स्वतःचं नाव आठवलं नाही तरी, उसावर पाय देत नाही. हे मला माहीत होतं. पण त्या गोंधळात मला दिसलं नाही, आणि वीस-एकवीस वर्षांच्या त्या पोरीला दिसलं. मी माझ्या आयुष्यात बरीच धीराची माणसं बघितली, त्यातली निम्मी फौजेतली. ती पोरगी त्यांच्यात बसेल.

पण सरीनं चालले तर ते बाहेर येणार नव्हते. सरी बांधाला समांतर, ते बांधाला समांतर, आणि आग आडवी येत होती. कुणीतरी आत जाऊन आणायला पाहिजे होतं.

तोडणीच्या टोळीतलं बीडकडचं एक जोडपं तिथं उभं होतं. त्यातली बाई पुढं आली. तिशीची असेल, अंगावर नवऱ्याचा शर्ट, हातात कोयता.

"कुठशी हाय म्हातारं, ते सांगा नुसतं," ती म्हणाली.

नातीनं तिला टॅब दाखवला. "ताई, हितनं सरळ आत. पण आत गेल्यावर तुम्ही मला दिसणार न्हाई."

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं डोक्याचं लाल मुंडासं सोडलं, एका लांब उसाच्या शेंड्याला बांधलं आणि तो ऊस उभा धरला. उसाच्या वर लाल फडकं दिसायला लागलं. "हे तर दिसतंय का?" नातीनं पडद्यावरच्या लालवर बोट टेकवलं, मशीननं त्यावर दुसरी चौकट बसवली. एवढं त्या दोघांत बोलणं झालं. पाटाच्या पाण्यात पोती भिजवून अंगावर घेतली, फोन चालू करून बाईनं शर्टाच्या खिशात टाकला, आणि दोघं आत शिरली. बाई पुढं लाल घेऊन, नवरा मागं कोयत्यानं परतीची वाट मोकळी करत. त्यांना आम्ही कोण लागत होतो? कोणी नाही. मी कुणाच्या पाया पडायला जात नाही, पण त्या बाईच्या पडले असते.

पडद्यावर आता दोन चौकटी होत्या, आणि वरच्या बाजूनं काळी-तांबडी कड खाली सरकत होती. नात फोनवर सांगत होती, एसटीचे थांबे वाचून दाखवावेत अशा आवाजात. "पुढं. पुढं. आता उजवीकडं थोडं. सरीनंच जावा. थांबा. परत पुढं."

सुभेदारांची चौकट थांबली. त्यांनी पाला वाजताना ऐकला असणार. चौकट तुटक झाली.

"सोडंल ते आता," मी म्हणाले.

"न्हाई सोडायचं. मघाशीच सांगून ठेवलंय मी त्याला." मघाशी कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक. एका हातानं ड्रोन, तोंडानं फोन, आणि मध्येच कधीतरी तिनं मशीनला सांगितलं होतं की थांबलेल्यालाही धरून ठेव. तुटक चौकट जागेवर राहिली. लाल चौकट तिच्यापाशी गेली. तिला लागली.

फोनमधून बाईचा आवाज आला, खोकत. "हितं तर कोणीच दिसना ओ."

"तिथंच हायत ताई. पायाशी बघा."

"पायाशी नुसतं पाचट हाय."

"तिथंच हायत."

"अवो, दिसना म्हणते ना! आग आली इकडं!"

पाचट म्हणजे उसाचा गळालेला वाळका पाला. सुभेदारांनी तो अंगावर ओढून घेतला होता, तोंड खाली घालून, हात पोटाखाली घेऊन. बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिला ते दिसत नव्हते. डोकं गेलेला, ऐंशीला टेकलेला माणूस असा लपला होता की विमानाला सापडला नाही आणि पायाशी उभ्या असलेल्या बाईलाही सापडला नाही. शिकवलेलं सगळं ते पुरं शिकले होते. राग येऊनही मला ते मानावं लागलं.

मी नातीच्या हातातून फोन ओढला. बाईला म्हणाले, "फोन काढ खिशातनं आन् आवाज मोठा कर." तिनं केला. सुभेदार म्हणून हाक मारली असती तर ते हलले नसते. आग लागली म्हटलं असतं तर नसतेच हलले. मी रोजच्यासारखी ओरडले.

"आवं, चपला कुठं टाकल्या?"

आणि पाचटातून आवाज आला, वैतागलेला, अगदी रोजचा.

"बांधावर हायत्या."

बाईनं आवाजावर हात घातला आणि दंडाला धरून त्यांना उभं केलं. हे ती नंतर सांगायची, पण आम्हाला तिथं फोनवर ऐकूच आलं. "उठा बाबा, उठा, चला." त्यांनी विचारलं, "कौन है?" ती म्हणाली, "मी हाय. चला." एवढ्यावर ते चालायला लागले.

पडद्यावर दोन्ही चौकटी एक झाल्या. मग धुराचा एक मोठा लोट आला आणि सगळा कोपरा पांढरा झाला. लाल दिसेना. ऊस दिसेना. फोन बंद पडला. चौकट परत तुटक झाली.

पण ती पुसली गेली नाही. ती सरकत होती. ज्या चालीनं ती माणसं निघाली होती त्या चालीनं, ज्या बाजूनं निघाली होती त्या बाजूनं, मशीन त्यांना धुरातून चालवत बांधाकडं आणत होतं. तो नुसता अंदाज होता, हे दोघींना माहीत होतं. आत माणसं पडली असती तरी ती चौकट तशीच चालली असती. तरी मी तिच्यावरून डोळे काढले नाहीत. काही नसण्यापेक्षा ती बरी होती. आणि तिनं हिवाळाभर किती वेळा बरोबर जागी डुक्कर बाहेर काढून दाखवलं होतं ते मी बघितलं होतं.

चौकट उसाच्या कडेला आली. मी पडद्यावरून मान वर केली.

चौकटीच्या जागेपासून थोडं उजवीकडं ऊस हलला. आधी बाईचा नवरा निघाला, कोयता हातात. मग ती. तिनं सुभेदारांना दंडाला धरलं होतं आणि लाल फडकं दुसऱ्या हातात अजून उभंच होतं, टाकून द्यायचं राहिलंच होतं. आम्ही सगळे मोकळ्या रानात मागं पळालो आणि आमच्या मागं तो ऊस कडेपर्यंत पेटला. चुलतदीर मातीत बसून रडला. त्याला रडू दिलं.

बाईच्या कपाळावरचे केस जळले होते आणि एका हाताला फोड आले होते. तिच्या नवऱ्याला पुष्कळ दिवस खोकला राहिला. सुभेदारांचे तळवे पोळले होते. चपला मी त्यांच्या पायाशी ठेवल्या, पण त्यांना त्या घालता आल्या नाहीत. त्यांनी नातीला विचारलं, "विमान गेलं का?" ती म्हणाली, "गेलं, आबा." मग तिनं ड्रोन उतरवला, बॅटरी काढली, सगळं पेटीत घातलं आणि मगच ती मातीत बसली. मी तिच्याशेजारी बसले.

उसात तिघं होती: सुभेदार, ती बाई आणि तिचा नवरा. तिघंही जगली.